किनाऱ्याचे राखणदार : कोकणातली कासवं, कुरव आणि माणसं

नोव्हेंबर लागला की कोकण किनाऱ्यावर दोन पाहुणे जवळपास एकाच सुमारास येऊ लागतात. एक येतो पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, कुणाला पत्ता लागू न देता : अंडी घालायला आलेली ऑलिव्ह रिडले कासवाची मादी. दुसरा येतो आभाळातून, थव्यानं, भर दिवसा : कुरव, ज्याला आपण बोलताना सर्रास सीगल म्हणतो. पहिल्याला माणसाच्या मदतीची खरोखर गरज होती आणि ती बरीच वर्षं कुणी केली नाही. दुसऱ्याला आपल्या मदतीची गरजच नाही, तरी आपण शेव-वेफर्सच्या पुड्या फोडून ती करत असतो. किनाऱ्यावरच्या वन्यजीवांसाठी स्वयंसेवक नेमकं काय करतात, आणि कुठे हात पुढे करायचा, कुठे मागे घ्यायचा, हे या दोघांच्या निमित्तानं समजून घेण्यासारखं आहे.

कासव वाळूत का येतं

ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवांमधली लहान जात. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ दोन-सव्वादोन फूट लांब आणि वजन साधारण ३५ ते ५० किलो. तिचं सगळं आयुष्य पाण्यात जातं, पण अंडी मात्र कोरड्या वाळूतच घालावी लागतात. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात तसं होत नाही. इथे मादी एकेकटी येते, आज या गावाला, चार दिवसांनी पलीकडच्या. त्यामुळे कित्येक वर्षं त्यांची खबर फक्त अंडी उकरणाऱ्यांना असायची.

भरतीचं पाणी पोचणार नाही अशी जागा ती निवडते. मागच्या पायांनी एकाआड एक वाळू उपसत साधारण दीड फूट खोल खड्डा करते. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. त्यात १०० ते १२० अंडी घालते, वाळू ओढून खड्डा बुजवते आणि मग सगळं अंग डावी-उजवीकडे आपटत ती जागा दाबून घट्ट करते. तासाभरात हे उरकून ती समुद्राकडे वळते. पिल्लं तिला कधीच दिसत नाहीत.

अंडी उबवायचं काम वाळूचं. ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू किती तापली आहे यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून ऊन वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. उन्हाळे तापत चालले आहेत, म्हणून ही गोष्ट अभ्यासकांच्या काळजीची झाली आहे.

वेळासला सुरुवात कशी झाली

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत येतं. आता ते कासवांचं गाव म्हणून जास्त ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत असताना २००२ मध्ये इथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. घरटी होत होती, पण टिकत नव्हती. माणसं अंडी काढून नेत होती, उरलेली कोल्हे-कुत्रे उकरत होते.

संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा जो रस्ता धरला तो मला या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होताच आणि कासवाला त्यात सर्वांत वरचं संरक्षणही आहे. कायद्याचा धाक घालून अंडी काढणाऱ्यांना पळवता आलं असतं. पण मग राखणीला कोण उरलं असतं? ज्याला मादीचा माग बघून घरटं सापडतं, असा माणूस गावात अंडी काढणाराच होता. त्यालाच राखणीत घेतलं. ग्रामपंचायत आली, वन विभाग आला. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली आणि ती हॉटेलात न उतरता गावकऱ्यांच्या घरातच उतरू लागली. घराघरात पैसा आला. अंडं विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा ते वाचवून मिळणारा पैसा जास्त आणि मानाचा, हे लोकांना भाषण न ऐकता कळलं.

वेळासनंतर आंजर्ले, केळशी, गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर, खाली सिंधुदुर्गात तांबळडेग, वायंगणी अशा गावांतून हे काम उभं राहिलं. वन विभागाच्या बरोबरीनं काम करणाऱ्या या गावकऱ्यांना आता सगळीकडे कासवमित्र म्हणतात. हंगामापुरतं मानधन मिळतं, ते काही फार नसतं. पहाटे थंडीत उठून जाणारा माणूस केवळ तेवढ्यासाठी जात नाही.

घरट्याची राखण

कासवमित्राचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. भरती ओसरलेल्या वाळूवरून चालत मादीचा माग शोधायचा. पाण्यातून वर आलेली एक रेघ आणि परत गेलेली दुसरी. या दोन रेघा जिथे मिळतात तिथे वाळू थोडी विस्कटलेली, थोडी दाबलेली दिसते. पण मादी कधी कधी खड्डा करून अंडी न घालताच परत जाते, कधी दिशाभूल होईल अशी वाळू पसरून ठेवते. मग बारीक काठी हलक्या हातानं वाळूत दाबत जायची. आजूबाजूला काठी अडते, अंड्यांच्या वर मात्र ती सहज आत जाते. ते कळलं की काठी बाजूला ठेवून हातानं वाळू काढायची.

हे जवळून बघण्यासारखं असतं. माणूस वाळूवर पालथा पडतो आणि हात खांद्यापर्यंत आत जातो. पहिलं अंडं बाहेर येतं ते टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पांढरं, ओलसर. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, बोटानं किंचित दबतं. ते जसं होतं तसंच उचलायचं, फिरवायचं नाही, हलवायचं नाही. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर गर्भ मरतो. म्हणूनच पहाटेची घाई असते. उशिरा सापडलेलं घरटं हलवायचं की तिथेच जाळी लावून राखायचं, हा निर्णय अनुभवी माणूसच घेतो.

अंडी किनाऱ्यावरच जाळीनं वेढलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत आणली जातात. मादीनं केला होता तसाच, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात पुरली जातात. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात. दिवस भरत आले की खड्ड्यावर बांबूची टोपली पालथी घालतात, म्हणजे बाहेर आलेली पिल्लं इकडेतिकडे पांगत नाहीत.

खरं तर घरटं जिथे झालं तिथेच राहू देणं सर्वांत चांगलं, असं कासवांचे अभ्यासक सांगतात. हॅचरी हा नाइलाज आहे. भरतीचं पाणी पोचणार असेल, कुत्र्यांचा उपद्रव असेल, माणसांची वर्दळ असेल तर हलवणं भाग पडतं. किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक दगडी बंधारे झाले, सुरूची झाडं पार वाळूपर्यंत लावली गेली, की मादीला खड्डा करायला जागाच उरत नाही. मग जी अंडी मिळतील ती हलवावीच लागतात. हॅचरीतल्या आकड्यांचं कौतुक करताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पिल्लं सोडताना

वेळासला पिल्लं सोडण्याच्या दोन वेळा ठरलेल्या आहेत, सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. कासवमित्र टोपली उचलून बघतात. पिल्लं असतील तर ती अलगद गोळा करून पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात. तिथून ती आपली आपण चालत जातात. ती थेट पाण्यात सोडत नाहीत. ती वाळू तुडवणं पिल्लाला गरजेचं आहे. ज्या किनाऱ्यावरून मादी पाण्यात गेली, त्याच भागात मोठेपणी ती अंडी घालायला परतते असं दिसून आलं आहे, आणि त्या ओळखीची सुरुवात जन्मभूमीच्या या पहिल्या प्रवासात होत असावी असं मानलं जातं.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची थोडी शिदोरी शिल्लक असते. तिच्या जोरावर ते पहिला दिवस-दोन दिवस न थांबता पोहत खोल समुद्र गाठतं. किनाऱ्याजवळ जितका वेळ जाईल तितकी ही शिदोरी संपत जाते. पाहुण्यांची गाडी घाटात अडकली म्हणून पिल्लं टबमध्ये थांबवून ठेवा, असं कुणी सांगू नये आणि कुणी ऐकूही नये. पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचाच नसतो. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद ठेवायचा. अंधारात पिल्लाला समुद्राची दिशा उजेडावरून कळते. क्षितिजाकडचा उजेड हा त्याचा समुद्र. मागे एखाद्या रिसॉर्टचा दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च लागला की ते उलटं फिरतं.

पाण्यात गेल्यावर मोठे मासे असतात, वरून कावळे, घारी आणि कुरवही असतात. हजार पिल्लांमागे एखादंच पूर्ण वाढीला पोचतं असं ढोबळ मानानं मानलं जातं. कासवमित्र पिल्लू लाटेत जाईपर्यंत पहारा देतात, त्यापुढे नाही. पक्ष्यानं पिल्लू उचललं तर पक्षी दुष्ट ठरत नाही. निसर्गानं मादीला शंभरावर अंडी दिली आहेत ती हे सगळं धरूनच.

मोठी कासवं पुढे कुठे जातात हेही आता थोडं थोडं कळू लागलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा प्रकल्प. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेला जात जात श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचली. म्हणजे गुहागरला राखलेलं कासव तमिळनाडूच्या, श्रीलंकेच्या मच्छीमारांच्या जाळ्याजवळूनही जातं.

कुरव कुठले

आपल्याकडे दिसणारे बहुतेक कुरव हिवाळी पाहुणे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, मार्च-एप्रिलात जातात. सर्वांत जास्त दिसतात ते दोन : तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव. गंमत अशी की हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा राहतो. फेब्रुवारी सरता सरता डोक्यावर रंग भरू लागतो आणि तो पुरता भरला की निघायची वेळ झालेली असते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटमधल्या सरोवरांकाठी अंडी घालतो. लडाखचं त्सो मोरिरी समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. मांडव्याच्या जेटीवर बसलेला पक्षी तिथून आलेला असू शकतो. काळ्या डोक्याचे आणखी उत्तरेकडून येतात. आकारानं बरेच मोठे असे ह्यूग्लिनचे कुरव उत्तर रशियाच्या टुंड्रा प्रदेशातून येतात, पल्लासचे मोठे कुरव मध्य आशियातून.

समुद्रापासून दूर सरोवराकाठी जन्मलेला हा पक्षी हिवाळाभर खाऱ्या पाण्यावर कसा राहतो? त्याच्या डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या काढून घेतात आणि ते दाट खारं पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाला येतं. जेटीच्या खांबावर शांत बसलेला कुरव मध्येच डोकं झटकताना दिसला, तर तो ते थेंब उडवत असतो. दुर्बीण असेल तर थेंब दिसतोसुद्धा.

खाण्याच्या बाबतीत तो चोखंदळ नाही. मासे, किडे, खेकडे, मेलेले जीव, माणसानं टाकलेलं काहीही. किनारा साफ ठेवणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे.

शेव, वेफर्स आणि लाँचमागचा थवा

गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणारी लाँच सुटली की कुरवांचा थवा मागे लागतो. कठड्याशी उभी माणसं वेफर्स, कुरकुरे, गाठ्या हवेत उडवतात, पक्षी ते वरच्या वर झेलतात, मुलं टाळ्या पिटतात. हेच दृश्य हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसतं. काशीला आणि प्रयागला गेलेल्या मराठी यात्रेकरूंना तर होडीवाल्याकडून शेवेची पुडी विकत घेऊन ‘सायबेरियन पक्ष्यांना’ घातल्याचं चांगलं आठवत असेल.

घालणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पाखरांना दाणा घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम आहे, आणि ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. पण तळलेलं, तिखट, भरपूर मिठाचं पीठ हे या पक्ष्याचं अन्न नव्हे. त्यानं पोट भरतं, पण माशातून मिळणारी प्रथिनं आणि चरबी मिळत नाही. मार्चमध्ये याच पक्ष्याला हिमालय ओलांडून जायचं असतं आणि त्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावर साठवलेली चरबी. त्यात आयत्या खाण्याला चटावलेले पक्षी एकाच जागी दाटीवाटीनं जमतात, आणि दाटी झाली की रोग पसरतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर बर्ड फ्लूनं हजारो स्थलांतरित पक्षी मेले. त्यांत बहुतेक पट्टकादंब होते, पण तपकिरी डोक्याचे कुरवही होते. तो रोग शेवेनं आला असं कुणी म्हणत नाही. पण पक्ष्यांची अनैसर्गिक गर्दी आपण मुद्दाम का जमवावी? शिवाय पुडी रिकामी झाली की ती पाण्यातच जाते.

यावर मच्छीमार मित्र हमखास विचारतात : आम्ही बंदरावर टाकलेली मासळी तो खातो, ते कसं चालतं? प्रश्न रास्त आहे. फरक असा की मासा हे त्याचं अन्न आहे आणि ते तो आपल्या अकलेनं, झडप घालून, इतरांशी भांडून मिळवतो. माणसाच्या हाताकडे बघत बसणं तो तिथे शिकत नाही. तरीही मासळीचा कचरा उघड्यावर साठत राहिला तर तोही घातकच, त्याचं कारण पुढे येईल.

माणसाच्या हाताकडे बघायला शिकलेला कुरव पुढे कसा वागतो हे ब्रिटनच्या किनाऱ्यावरची गावं रोज अनुभवतात. तिथला हेरिंग कुरव माणसाच्या हातातले बटाट्याचे चिप्स आणि सँडविच पळवतो, छपरांवर घरटी करतो, आणि लोक वैतागतात. आश्चर्य म्हणजे हाच पक्षी २००९ पासून तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. गावात गोंधळ घालणारे दिसतात म्हणून ते फार झाले असं वाटतं, पण एकूण संख्या घटली आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जमिनीवर चिप्सची पिशवी ठेवून माणूस कुरवाकडे टक लावून बघत राहिला, तर पक्ष्यानं जवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेतले. कित्येक पक्षी तर जवळ आलेच नाहीत. म्हणजे लाठ्याकाठ्या, फटाके काही लागत नाही. खाणं झाकून ठेवावं आणि पक्ष्यावर नजर ठेवावी. आपल्याकडचे कुरव अजून इतके धीट झालेले नाहीत. होऊ द्यायचे की नाही हे लाँचच्या कठड्याशीच ठरणार आहे.

कचरा, कुत्री आणि कासव

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरलेल्या, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येते, ढीग लागतात, बोली चढते. वर कुरव, घारी, कावळे, बाजूला बगळे. एखादी कोळीण टोपलीतून निरुपयोगी मांदेली बाजूला फेकते, कुरव ती उचलून हवेतच फिरवून घेतो, डोकं आधी घशात जाईल अशी. उलटी गेली तर माशाचे पर घशात रुततात. दुसरा पाठलाग करतो तोवर ती आत गेलेली असते. या गर्दीत पक्ष्यांचं आणि माणसांचं एकमेकांवाचून फार अडत नाही आणि फार बिघडतही नाही. सहजीवनाचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं शोधायला नको.

बिघडतं ते नंतर. लिलाव उठल्यावर उरलेली घाण, पर्यटकांनी टाकलेलं खरकटं, हॉटेलांमागचे उकिरडे यांवर कुत्री आणि कावळे पोसले जातात. कुरव मार्च-एप्रिलात निघून जातात, कुत्री जात नाहीत. तीच रात्री घरटी उकरतात, तीच वाळूत विसावलेल्या पक्ष्यांच्या थव्यात घुसतात. किनाऱ्यावरचा ओला कचरा वेळेवर उचलला जाणं हे कासव वाचवण्याचं काम आहे, हे ग्रामपंचायतीच्या सभेत ठासून सांगायला हवं.

वाळूत गाड्या घालणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. चाकाखाली वाळू दबते, त्याखाली घरटं असलं तर ते चिरडतं, चाकोरीच्या खोल घळीत पिल्लं अडकून पडतात. भरतीत गाडी अडकली की बातमी होते, घरटं चिरडलं त्याची होत नाही. आणि विसावलेला थवा उडवायला मुलांना त्यात पळत सोडणं, वरून ड्रोन फिरवणं हेही थांबायला हवं. त्या पक्ष्यांना ती विश्रांती शब्दशः जगण्यापुरती लागते.

जाळं कापणारे हात

समुद्रात कासवांचा सर्वांत मोठा शत्रू जाळं आहे. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. ट्रॉलच्या जाळ्यात पाण्याखाली अडकून पडलं तर ते बुडून मरतं. जाळ्यातून कासवाला बाहेर पडता यावं म्हणून बसवायचं साधन आहे, पण ते सगळ्या ट्रॉलरवर बसलेलं नाही. अमेरिकेनं २०१९ पासून भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, ते याच कारणानं.

छोट्या मच्छीमाराचा प्रश्न वेगळा. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क गुरफटलं तर ते सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्याची कमाई. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनानं ठरवलं की संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. पुरावा म्हणून मोबाइलवर फोटो किंवा चित्रण लागतं. त्यानंतर डहाणूपासून मालवणपर्यंतच्या होड्यांतून असे व्हिडिओ येऊ लागले. भरपाई मिळते म्हणून जीव वाचवला असं म्हणून त्यांना कमी लेखू नये. नुकसान सोसण्याची सक्ती नसली की माणसाचा चांगुलपणा मोकळेपणानं वागतो.

तुटून वाहत राहिलेली जाळी, म्हणजे घोस्ट नेट, मात्र कुणाच्याच हिशेबात नसतात. पावसाळ्यात डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर कासवं वाहून येतात, तेव्हा काहींचे पाय नायलॉनच्या फासानं हाडापर्यंत कापलेले असतात. डहाणूला वन विभागाच्या साथीनं स्थानिक स्वयंसेवकांची एक संस्था कासवांचं उपचार केंद्र चालवते. भर पावसात फोन येतो, टेम्पो काढायचा, चाळीस किलोचं कासव चिखलातून उचलायचं, टाकीत ठेवायचं, जखमा धुवायच्या, मासे भरवायचे. काही बरी होऊन परत जातात, काही मरतात.

मुंबईत वेगळ्या वाटेनं काम चालतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली, लोक जमत गेले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिथे कासवाची पिल्लं दिसली. मरीन लाइफ ऑफ मुंबई ही नागरिकांची चळवळ २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी हाजी अली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर नेऊन तिथले प्रवाळ, खेकडे, समुद्रफुलं दाखवते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तीत कुरवही मोजले जातात आणि मोजणारे बहुतेक हौशी लोकच असतात. गोव्यात मोरजी, गालजीबाग, आगोंदचे किनारे कासवांसाठी राखले जातात. तिथे पर्यटनाचा दाब कोकणापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे राखणही अवघड.

जखमी जीव सापडला तर

सर्वांत मोठी चूक चांगल्या मनानं होते : वाहून आलेलं कासव परत समुद्रात ढकलणं. किनाऱ्यावर जिवंत आलेलं मोठं कासव, अंडी घालायला आलेली मादी सोडल्यास, बहुधा आजारी किंवा जखमी असतं. त्याला बुडी मारता येत नसते. ढकललं की ते लाटांत आपटत राहतं. त्याला सावलीत ठेवावं, पाठीवर ओलं कापड घालावं, उताणं करू नये, पाणी पाजू नये. डॉल्फिन असेल तर अंग ओलं ठेवावं, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये.

पावसाळी वादळात थकून किनाऱ्यावर पडणारे समुद्रपक्षीही असेच. ते परत हवेत फेकू नयेत. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावं. चोच उघडून पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर मात्र कुणीही हात लावायचा नाही. कोणत्याही प्रसंगी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि ठिकाण नेमकं सांगावं : गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा जेटी.

हंगामात जायचं असेल तर

पिल्लं बघायला साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा. मादी आधी येते, पिल्लं दोन महिन्यांनी, म्हणून डिसेंबरात गेलात तर बहुधा फक्त हॅचरीतल्या पाट्या दिसतील. पिल्लं कधी निघतील हे कुणी सांगू शकत नाही. एका रात्रीचा मुक्काम ठेवलात तर संध्याकाळची आणि सकाळची अशा दोन वेळा हाताशी येतात. घर आधी ठरवून जावं, गावात ऐन वेळी सोय होईलच असं नाही. गाडी वाळूपासून लांब, सांगतील तिथेच लावावी. मार्चच्या सुरुवातीला गेलात तर वाटेत हर्णैला थांबून कुरवांची डोकी रंगायला लागली आहेत का तेही बघावं, दुर्बीण बरोबर असू द्या आणि वेफर्स गाडीत.

कासवमित्रांशी बोलायचं असेल तर संध्याकाळच्या गर्दीत त्यांना वेळ नसतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास वाळूवर गेलात तर ते गस्तीला निघालेले भेटतात आणि सोबत चालणारं माणूस त्यांना चालतं. त्यांच्या मागून चालायचं, मागावर पाय द्यायचा नाही, आणि टॉर्च त्यांना विचारूनच लावायचा.